प्र: मणक्याला मार लागलेली बाळंतीण आणि आटलेलं दूध

एकीनं विचारलंय की खानापूरकडच्या बहिणीच्या मणक्याला जुना मार आहे, दीड महिन्यात दूध घटलं, आता घरचे डब्याचं सुरू करा म्हणतात. आधी जुन्या कागदांवर इजेची पातळी बघा. स्तनाग्राची जाणीव मुख्यतः टी-४ नसेतून वर जाते (टी म्हणजे छातीमागचे मणके, आकडा वरून मोजलेला). इजा टी-६ च्या वर असेल तर बाळ ओढतंय हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक कमी सुटतं, पान्हा अडतो. स्तन रिकामे होत नाहीत, म्हणून मग दूधही खरंच कमी होतं. बाळाला उराशी धरून, त्याच्याकडे बघत पाजल्यावर काहींना पान्हा येतो. सोबत हाताने किंवा पंपाने काढत राहा.

टी-६ किंवा त्यावरची इजा असेल तर हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं: पाजताना एकाएकी डोकं ठणकलं, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर बीपी चढलंय. अशांचं वरचं बीपी एरवी ९० ते ११० असतं, त्यामुळे १४० सुद्धा जास्तच. बाळ बाजूला घ्या, तिला ताठ बसवा, पोटाला बांधलेलं लुगडं सोडा, लघवीची नळी मुडपलीय का बघा. उतरलं नाही तर १०८.

दुखणं कळत नसल्याने स्तनांवरच्या चिरा, गाठ, लाली रोज डोळ्यांनीच शोधायची.

आणि खाटेखालची शेगडी बंद. आजी रागावल्या तरी चालेल; भाजलेलं तिला कळणारच नाही.