अर्वाइन : आधी कॅम्पस, मग शहर
कोणीतरी म्हणलंय की कॅलिफोर्नियातलं अर्वाइन म्हणजे नुसतं लॉस एंजेलिसचं झोपायचं उपनगर (काम तिकडे, इथे फक्त रात्री झोपायला), तसं नाहीये हो. मुळात ते सगळं अर्वाइन कंपनीचं रँच (गुरं-शेतीची मोठी जमीन) होतं, त्यातली १००० एकर जमीन त्यांनी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला फक्त १ डॉलरला दिली आणि विल्यम परेरा या आर्किटेक्टने कॅम्पस आणि त्याभोवतीचं ५०,००० वस्तीचं शहर एकत्रच आखलं. कॅम्पस १९६५ ला सुरू, शहर अधिकृत झालं १९७१ ला! आज वस्ती ३ लाखांच्या वर गेलीय. कॅम्पस गोल आहे, मधोमध ऑल्ड्रिच पार्क आणि भोवती बिल्डिंगा, आणि शहरात 'व्हिलेज' म्हणजे प्रत्येक भागाला आपापली शाळा, दुकानं, बागा. फक्त गाडीशिवाय अवघड, आणि घरं जरा एकाच साच्यातली वाटतात बुवा.