मिसिसिपीच्या मुखाकडची जमीन: गाळ नदीला टाकू द्यावा, की उपसून भरावा?

नदीकाठ

अमेरिकेतील लुइझियाना राज्याने जुलै २०२५ मध्ये मिड-बॅरटारिया ही गाळ वळवण्याची योजना रद्द केली. हा निर्णय चुकीचा होता असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

१९३२ ते २०१६ या काळात या राज्याच्या किनाऱ्यावरची सुमारे ४,८३३ चौरस किलोमीटर जमीन, म्हणजे १९३२ साली होती त्याच्या जवळजवळ एक चतुर्थांश, पाण्याखाली गेली. हा सारा त्रिभुज प्रदेश मिसिसिपीनेच हजारो वर्षे गाळ टाकून घडवलेला आहे. असा भुसभुशीत गाळ स्वतःच्याच वजनाने दबत जातो आणि पुरामागून पुराने त्यावर नवा थर पडत राहिला, तरच त्याची पातळी समुद्राच्या वर टिकते. १९२७ च्या महापुरानंतर नदीच्या दोन्ही तीरांवर भक्कम बांधांची साखळी उभी राहिली. त्यामुळे वस्त्या सुरक्षित झाल्या, पण पाणथळ जमिनीला पोसणारा गाळ मेक्सिकोच्या आखाताच्या खोल पाण्यात जाऊन पडू लागला.

योजना याच दुखण्यावर होती. न्यू ऑर्लिन्सच्या खालच्या अंगाला पश्चिम बांधात दरवाजे बसवायचे आणि नदी भरून वाहत असताना सेकंदाला सुमारे २,१०० घनमीटरपर्यंत गढूळ पाणी बॅरटारिया खोऱ्यात सोडायचे, असा तो आराखडा होता. खर्च सुमारे ३ अब्ज डॉलर होता आणि तो मुख्यतः २०१० च्या डीपवॉटर होरायझन तेलगळतीच्या भरपाईतून होणार होता. ऑगस्ट २०२३ मध्ये कामाचा आरंभही झाला होता.

नदीला वाट दिली की ती जमीन घडवते, याचा पुरावा त्याच राज्यात आहे. मॉर्गन सिटीचा पूर हलका व्हावा म्हणून १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला वॅक्स लेक नावाचा कालवा खणला गेला. जमीन तयार करणे हा त्यामागचा हेतूच नव्हता. तरीही १९७३ च्या पुरानंतर त्याच्या मुखाशी नवी बेटे पाण्याबाहेर आली आणि आज तिथे विलोची झाडे उभी असलेला वाढता त्रिभुज प्रदेश आहे. जगात जिथे तिथे किनारे खचत असताना हाती असलेला असा उपाय अर्ध्यावर सोडणे मला फार दुःखद वाटते.

खारे पाणी

आपण नदीची बाजू मांडलीत, परंतु त्या खोऱ्यात जगणाऱ्या माणसांचा आपल्या लेखात उल्लेखही नाही, म्हणून हे सविस्तर लिहितो.

बॅरटारियाचे खोरे हे कोळंबी आणि ऑयस्टर (शिंपल्यातले कालव) यांवर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरणाऱ्या लोकांचे आहे. ऑयस्टरची शेती करणारा माणूस तळाचा तुकडा भाडेपट्ट्याने घेतो, त्यावर जुने शिंपले किंवा चुनखडीचे तुकडे पसरतो, त्यांना चिकटलेली पिल्ले विक्रीजोगी होण्याची वाट पाहतो आणि एवढे सगळे झाल्यावर त्याच्या हाती पीक येते. पाणी गोडे झाले तर मासा दुसरीकडे जाऊ शकतो, ऑयस्टरला हलता येत नाही. ते शिंपला मिटून घेते आणि काही काळ तग धरते. पण गोडे पाणी उन्हाळ्याच्या उष्णतेत आठवडेच्या आठवडे राहिले, तर आतल्या आत मरते. दरवाजे उघडण्याचा मुख्य हंगाम हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंतचा, आणि तपकिरी कोळंबीची पिल्ले समुद्रातून खाडीत शिरतात तीही वसंतातच.

ही भीती निराधार नाही. २०१९ मध्ये न्यू ऑर्लिन्सला पुरापासून वाचवण्यासाठी बॉने कॅरे सांडव्याचे दरवाजे प्रथमच एका वर्षात दोनदा उघडावे लागले आणि गोड्या पाण्याच्या लोंढ्याने मिसिसिपी राज्याच्या किनाऱ्यावरील ऑयस्टरची जवळजवळ सगळी वाट लागली. बॅरटारिया उपसागरातील डॉल्फिनांवर या योजनेचा गंभीर परिणाम होईल, हे तर सरकारच्या स्वतःच्याच पर्यावरण अहवालात म्हटले होते. त्यासाठी सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षण कायद्यातून या योजनेला सूट देण्याची तरतूद २०१८ मध्ये अमेरिकी संसदेला करावी लागली. ज्या तेलगळतीने हे डॉल्फिन आजारी पडले, तिच्याच भरपाईच्या पैशातून त्यांच्यावर दुसरा घाव घालायचा, हे मला पटत नाही.

वॅक्स लेकचा दाखलाही येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. तिथे पाणी बारमाही वाहते, वाळू भरपूर येते आणि मुखाशी उथळ, उघडा उपसागर होता, कोणाच्या भाडेपट्ट्याची शेती नव्हती. शिवाय मिझुरी या उपनदीवरील धरणांमुळे मिसिसिपीत आज पूर्वीच्या साधारण निम्माच गाळ उरला आहे, हे विसरून चालणार नाही.

गाळ हवाच असेल तर तो नदीच्या तळातून उपसावा. बायू ड्युपाँट येथे नदीतला गाळ पाइपने आणून पाणथळ जमीन उभी केलेली आहे. मातीच्या बांधांनी घेरलेल्या जागेत पाइपच्या तोंडातून राखाडी लगदा पडत राहतो, पाणी निथळून जाते आणि जमीन बसली की गवत धरते. तिथली खारट चव न बिघडवता ज्या जागी जमीन हवी, त्याच जागी ती मिळते.

नदीकाठ

गाळ कमी झाला आहे हे खरे आहे, म्हणूनच उरलेला गाळ आखातात वाया जाऊ देणे अधिक घातक आहे.

पाइपच्या पद्धतीविषयी आपण जे लिहिलेत ते बरोबर आहे, परंतु त्याच्या पुढचे राहिले. भरलेली जमीनही दबतेच. तिला वरून नवा गाळ मिळत नसल्यामुळे काही दशकांत ती पुन्हा पाण्याच्या पातळीला येते आणि पुन्हा पंप लावावे लागतात, पुन्हा पैसा उभा करावा लागतो. भरपाईचा निधी संपल्यावर तो कोण देणार? नदीचे पाणी वळवणारे दरवाजे मात्र दर पुरात काम करतात.

मासेमारांचे नुकसान मी नाकारत नाही आणि त्यांच्यासाठी योजनेत ठेवलेली तरतूद अधिक सढळ असायला हवी होती. पण पाणथळ जमीन गेल्यावर कोळंबीला वाढायला जागा कुठे राहणार आहे? याच राज्याच्या किनाऱ्यावरील जीन चार्ल्स बेटाकडे पाहा. १९५५ पासून त्या बेटाची सुमारे ९८ टक्के जमीन गेली आणि तिथल्या मूळनिवासी कुटुंबांना सरकारी खर्चाने आत, उंच जागी हलवावे लागले. घर गेलेल्या माणसाला मासेमारी टिकली याचे समाधान कसे मानता येईल?

तळमाती

दोघांच्याही म्हणण्यात तेल कंपन्यांचे चर आलेच नाहीत, याचे मला आश्चर्य वाटते. विहिरी खणण्यासाठी आणि पाइपलाइन नेण्यासाठी या पाणथळ प्रदेशात हजारो किलोमीटर लांबीचे चर काढले गेले. उपसलेली माती काठावरच रचून ठेवली गेली आणि तिच्या उंचवट्यांमुळे भरती-ओहोटीचे पाणी अडले. काही ठिकाणी पाणी तुंबून गवताची मुळे कुजली, तर चरांतून खारे पाणी थेट आतल्या गोड्या पाणथळीत शिरले. तीच माती यंत्राने पुन्हा चरात ढकलणे हा यातला सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्यात कोणाचे ऑयस्टर मरत नाही आणि नदीचे दरवाजेही लागत नाहीत.

एप्रिल २०२५ मध्ये प्लॅकमिन्स पॅरिशमधील (लुइझियानात जिल्ह्याला पॅरिश म्हणतात) ज्यूरीने शेवरॉन कंपनीने किनाऱ्याच्या नुकसानीपोटी सुमारे ७४ कोटी ५० लाख डॉलर द्यावेत असा कौल दिला आणि कंपनीने त्याविरुद्ध दाद मागण्याचे जाहीर केले. ज्यांनी जमीन फोडली त्यांच्याकडून ती बुजवून घेण्याचा मार्ग आहे, तो मासेमारांच्या माथी खर्च मारण्याआधी वापरावा.

खारे पाणी

तळमाती यांच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. नदीकाठ यांना एवढेच विचारतो, की भरपाई मिळालेल्या कोळ्याला दुसरा उपसागर कुठून आणून देणार? जाळे विणणारे, होडी दुरुस्त करणारे, बर्फ पुरवणारे, शिंपले सोलणारे हात हे एकत्र असतील तरच गाव चालते. एक दशकभर पीक बुडाले तर त्या गावात परत येणारा कोणी उरत नाही.

नदीकाठ

चर बुजवण्याला माझा विरोध नाही, ते ताबडतोब सुरू व्हावे. पण दबत चाललेल्या जमिनीला त्याने नवा गाळ मिळत नाही. राज्य आता याच परिसरात बरेच लहान वळण (नदीचे पाणी खोऱ्यात वळवण्याची सोय) आणि त्याच्या जोडीला गाळउपसा असा पर्याय पुढे करत आहे. त्या वळणाचा प्रवाह रद्द झालेल्या योजनेच्या छोट्याशा अंशाएवढाच असेल. खाडीची क्षारता त्याने फारशी ढळणार नाही, पण जमीन घडवण्याइतकी वाळू एवढ्या पाण्याबरोबर येईल असे मला वाटत नाही, आणि त्या लहान आराखड्यातून किती चौरस किलोमीटर जमीन उभी राहणार आहे, हे राज्याने आधी लोकांपुढे मांडावे.