मदत हवी आहे : जुना फाइल सर्व्हर बदलायचा आहे, पण त्यावरची एकही मुलाखत गमवायची नाही

नमस्कार. अंबाजोगाईतील एका वाचनालयाच्या संगणकांची देखभाल मी नोकरी सांभाळून करतो. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्या आमच्या परिसरातील स्त्री-पुरुषांच्या मुलाखती वाचनालयाने २००६ ते २०११ या काळात मिनी डीव्ही फितींवर चित्रित केल्या होत्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी जे विशीत होते, ते चित्रीकरणाच्या वेळी ऐंशीच्या आसपास होते. आज त्यांपैकी कोणीही हयात नाही. फितींना पुढे बुरशी लागली. त्यामुळे सर्व्हरवर जे आहे तेच आता मूळ, आणि त्याची दुसरी पूर्ण प्रत कोठेही नाही.

सर्व्हर २०११ मध्ये जुळवलेला आहे. एक-एक टीबीच्या चार हार्ड डिस्क सॉफ्टवेअर रेड ५ मध्ये (एक डिस्क गेली तरी माहिती टिकावी अशी जोडणी, लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनाने केलेली) बांधलेल्या असून त्यावर सेंटओएस ६ ही लिनक्स प्रणाली आणि इतर संगणकांना फाइली पुरवणारे सांबा चालते. सुमारे २.१ टीबी जागा भरली आहे. डीव्ही चित्रणाला तासाला साधारण १३ जीबी लागतात, म्हणून त्यातले १.४ टीबी मुलाखतींचेच आहेत. उरलेले मोडी कागदपत्रांचे स्कॅन. सेंटओएस ६ ला मिळणारी अद्यतने ३० नोव्हेंबर २०२० रोजी बंद झाली, हे ठाऊक असूनही चालत्या यंत्राला हात लावायला मी कचरलो, आणि ती चूक होती.

गेल्या महिन्यात स्मार्ट तपासणीत (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) तिसऱ्या डिस्कचे रीअलोकेटेड सेक्टर (खराब ठरून बदललेले डिस्कचे छोटे भाग) ४८ दिसले. आठवड्याभरात ते ११२ झाले, शिवाय ८ सेक्टर पेंडिंग (नीट वाचता न आल्याने संशयित) आहेत. चारही डिस्क अजून ॲरेमध्ये (रेडच्या जोडणीत) चालू आहेत.

येथील एका तंत्रज्ञांनी सुचवले की खराब डिस्क काढून नवी बसवावी, रीबिल्ड (नव्या डिस्कवर माहितीची पुन्हा उभारणी) होऊ द्यावे आणि मग त्याच यंत्रावर नवी प्रणाली टाकावी. मला हा क्रम धोक्याचा वाटतो. रीबिल्ड करताना उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचल्या जातात. त्या एकाच वेळी घेतलेल्या, तितक्याच जुन्या आहेत, आणि रेड ५ एकाच डिस्कची उणीव सोसू शकते. त्या वेळी दुसऱ्या एखाद्या डिस्कचा सेक्टर वाचता आला नाही, तर तो भाग परत मिळवण्यासाठी काहीच शिल्लक राहणार नाही. म्हणून काहीही न काढता, लिहिणे थांबवून, आधी नव्या यंत्रावर प्रत घ्यावी, तीही मुलाखतींपासून सुरुवात करून, असे माझे मत झाले आहे.

वाचनालयाचा स्विच १०० एमबीपीएसचा असल्याने त्यावरून पूर्ण प्रतीला ५० तासांहून अधिक लागतील, आणि आमच्याकडे वीज दिवसातून दोन-तीनदा जाते, तर यूपीएस वीसच मिनिटे टिकतो. दोन्ही यंत्रांना गिगाबिट पोर्ट आहेत. ती थेट केबलने जोडून आरसिंक (फाइलींची प्रत करणारे साधन) चालवल्यास, डिस्कनी साथ दिली तर, पाच-सहा तासांत काम व्हावे, आणि मध्येच खंड पडला तरी झालेल्या फाइलींपुढून ते सुरू करता येईल.

अडचण पडताळणीची आहे. आरसिंक पाठवलेला मजकूर तपासते, पण नव्या डिस्कवर लिहिलेली फाइल पुन्हा वाचून पाहत नाही. दोन्हीकडे एसएचए-२५६ बेरजा (फाइलच्या मजकुरावरून निघणारे ओळख-आकडे) काढून जुळवायच्या, तर आजारी डिस्क सगळी पुन्हा वाचावी लागेल. अशा अवस्थेत हे करावे, की आधी नव्या यंत्रावरून दुसरी प्रत काढून मगच जुन्याकडे वळावे? ज्यांनी स्वतः हे केले आहे त्यांचा अनुभव मला हवा आहे.

आणखी एक प्रश्न. स्कॅनरचा संगणक विंडोज एक्सपीवर आहे आणि त्याला फक्त एसएमबी १ (नेटवर्कवर फाइली देण्याघेण्याची जुनी पद्धत) कळते. सांबा ४.११ पासून ते मुळातच बंद असते, आणि चालू केले तर संपूर्ण सर्व्हरसाठी होते. तो संगणक नेटवर्कपासून तोडून स्कॅन पेन ड्राइव्हने आणावेत, याकडे माझा कल आहे. त्यात काही खोट दिसते का?

नवे यंत्र शनिवारी येत आहे. तोपर्यंत जुना सर्व्हर बंद ठेवावा की चालूच राहू द्यावा, हे कृपया सर्वांत आधी सांगावे. चालू ठेवला तर बिघडलेले सेक्टर वाढतात, आणि इतकी वर्षे फिरत असलेल्या डिस्क एकदा थांबल्यावर पुन्हा फिरतील की नाही, याची मला फार भीती वाटते.