‘महामारीने नोकरदार सुखी झाला’ म्हणणाऱ्यांना

आशाचा_लेक: परवा इथे एकाने लिहिलं, कोरोनाने नोकरदाराचं भलंच केलं: घरून काम, प्रवासाची दगदग नाही, मुलांसोबत दुपारचं जेवण. दोन दिवस डोकं तापलंय. माझी आई गावात आशा कार्यकर्ती आहे, घरोघरी फिरून आरोग्याचं काम करणारी. सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ ही राज्याची घरोघरी कोरोना तपासणीची मोहीम सुरू होती. हातात ऑक्सिमीटर, तोंडाला जुन्या साडीचा घरी शिवलेला मास्क. लोक दाराआडूनच “सगळे बरे आहेत, जा” म्हणायचे. संध्याकाळी गोठ्यामागे आंघोळ करून, कपडे उकळत्या पाण्यात टाकून मगच ती उंबरा ओलांडायची. जेवायला वेगळी बसायची. केंद्राचा कोविड भत्ता महिन्याला १००० रुपये. म्हणजे दिवसाचे ३३!

हिंजवडीकर: ती पोस्ट माझी. आईंबद्दल आदरच आहे, पण मी माझं लिहिलं. वाकडच्या ट्रॅफिकमध्ये रोजचे तीन तास जायचे. मुलगी चालायला लागली ते लॉकडाऊनमुळे डोळ्यांनी पाहिलं. यात खोटं काय? आणि आशांचा विषय काढलाच आहात तर, जून २०२१ मध्ये त्या संपावर गेल्या आणि गावी आमच्या आजीचा दुसरा डोस रखडला. साथीत कुणी संप करतं?

आशाचा_लेक: मग कधी करायचा? एरवी कोण विचारतं? १५ जूनला संप केला म्हणून १ जुलैपासून मानधनात १००० रुपये वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता राज्याने कबूल केला. तेही मानधन, पगार नव्हे. कागदावर अजून ‘स्वयंसेविका’च.

हिंजवडीकर: मागणी रास्त, वेळ चुकीची. म्हातारी माणसं ताटकळली त्याचं काय?

डोंबिवलीची_मी: तुमचं भांडण चालू द्या, पण घरून कामाचं सुख बाप्यांचं हो. दोन खोल्या, सासरे आजारी, मुलाची शाळा माझ्याच मोबाईलवर. कुकरची शिट्टी झाली की म्यूट. साहेब सगळ्यांसमोर विचारायचे, “कॅमेरा का बंद?” बारा वर्षांची नोकरी डिसेंबरात सोडली. आता मुलाखतीत पहिला प्रश्न, मधली वर्षं काय केलंत?

हिंजवडीकर: ते दुपारचं जेवण बायको मीटिंगच्या मधे उठून करायची. हे लिहायला हवं होतं, मान्य. संपाचं मान्य नाही.

आशाचा_लेक: आजीला डोससाठी शेवटी नेलं कुणी?

हिंजवडीकर: आशाताईंनीच. जुलैत, रिक्षा करून. तरी संपाची वेळ चुकलीच.