फॉलआउट गेमचे जुने मालक तरी कुठे धुतल्या तांदळाचे होते!

एकांनी लिहिलंय की बेथेस्डा कंपनीने फॉलआउट (ही व्हिडिओ गेमची मालिका) घेतला आणि वाट लावली, मूळ कंपनी इंटरप्लेकडेच राहिला असता तर बरं झालं असतं. अर्धं पटलं.

पहिला फॉलआउट १९९७ चा, वरून तिरका दिसणारा, टर्न बेस्ड (म्हणजे लढाईत आळीपाळीने चाल), आणि व्हॉल्टसाठी, म्हणजे आपल्या जमिनीखालच्या निवाऱ्यासाठी, पाणी शुद्ध करणारी वॉटर चिप शोधायला १५० दिवस. नकाशावर चालता चालता दिवस संपत जायचे आणि इथे आपला जीव टांगणीला. २००८ चा तिसरा भाग फर्स्ट पर्सन (पात्राच्या डोळ्यांतून दिसणारा) आला तेव्हा जुने लोक "हा तर बंदुकावाला ऑब्लिव्हियन" (बेथेस्डाचाच आधीचा तलवारी-जादूचा गेम) म्हणून चिडले, त्यात तथ्य होतंच की, संवाद पार पातळ झाले होते राव.

पण इंटरप्लेने स्वतः काय दिवे लावले ते पण बघा ना. २००३ मध्ये फॉलआउट बनवणारा आपलाच ब्लॅक आयल स्टुडिओ बंद केला, तिसरा भाग बनत होता तो अर्धवट टाकला आणि २००४ ला कन्सोलवर ब्रदरहुड ऑफ स्टील काढला, ज्यात न्यूका कोला या फॉलआउटमधल्या काल्पनिक पेयाच्या जागी चक्क बॉल्स नावाचं खरं एनर्जी ड्रिंक घुसवलं होतं!! जाहिरातीसाठी. न्यूका कोला काढून. हे करणारे मूळ मालकच होते बरं का.

आणि सगळ्यांचा लाडका फॉलआउट न्यू व्हेगास (२०१०) निघाला तो बेथेस्डाच्याच काळात, ऑब्सिडियन या स्टुडिओने केलेला, आणि तिथे ब्लॅक आयलचे जुने लोक होते म्हणून तो जमला. त्यामुळे मालक कोण यापेक्षा लिहायला कोण बसलंय ते मी आधी बघतो. आता तर सगळंच मायक्रोसॉफ्टकडे गेलंय, ती भांडणं वेगळीच.