तयार ईआरपीतील सुविधा वापराव्यात की आपल्या पद्धतीचे सॉफ्टवेअर बनवून घ्यावे?

प्रश्न : लघुउद्योजक, अंबड

अंबड औद्योगिक वसाहतीत आमचा पत्र्याचे प्रेस पार्ट बनवण्याचा कारखाना आहे. वाहन उद्योगातील दोन मोठ्या ग्राहकांना आम्ही माल देतो. त्यांपैकी एकजण पत्र्याची कॉइल स्वतः पाठवतो आणि आम्ही केवळ मजुरी आकारतो. दुसऱ्यासाठी पत्रा आम्ही विकत घेतो आणि तयार झालेले भाग प्लेटिंगसाठी सातपूरला पाठवून परत आणतो. आजवर हिशेब टॅलीत आणि उत्पादनाच्या नोंदी एक्सेलमध्ये अशी व्यवस्था होती, परंतु महिनाअखेरीस स्टोअरमधील प्रत्यक्ष साठा आणि चलनांवरील (मालासोबत जाणाऱ्या कागदांवरील) शिल्लक यांचा मेळ बसत नाही.

आता दोन प्रस्ताव समोर आहेत. एक तयार ईआरपीचा (कारखान्याचे सर्व विभाग एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा), ज्यात खरेदी, स्टोअर, उत्पादन, जॉबवर्क (दुसऱ्याच्या मालावर मजुरीने केलेले काम) आणि जीएसटी आधीपासूनच आहे; दुसरा नाशिकमधल्याच एका सॉफ्टवेअर विकासकाचा, जो आमच्या सध्याच्या कामाप्रमाणे सर्व नव्याने बनवून देण्यास तयार आहे. तयार ईआरपी पाहिल्यावर आमच्या विभागांनी मागण्यांची मोठी यादी दिली. त्यातील चार मला महत्त्वाच्या वाटतात : प्लेटिंगला माल किलोवर जातो पण नगांवर परत येतो, ग्राहकाच्या कॉइलमधून निघणाऱ्या भंगाराचा हिशेब कॉइलनिहाय लागतो, पेट्यांवर ग्राहकाच्या नमुन्यातील बारकोड लेबल लावावे लागते, आणि कामगारांचा उत्पादन प्रोत्साहन भत्ता पाळीनिहाय काढावा लागतो. ईआरपीचा विक्रेता प्रत्येक मागणीला ‘होईल’ असे उत्तर देतो. आपली पद्धत कुठे बदलावी आणि पैसे खर्चून कुठे बनवून घ्यावे, हे कशावरून ठरवावे?

उत्तर : ईआरपी उभारणी सल्लागार, इंदिरानगर

विक्रेत्याच्या ‘होईल’ या उत्तरावर समाधान मानू नका. कसे होईल, ते प्रत्येक मागणीपुढे लिहून घ्या. काही मागण्या केवळ सेटिंगमध्ये बदल करून पूर्ण होतात, काहींसाठी एखादा रकाना, छपाईचा नमुना किंवा अहवाल जोडावा लागतो, काहींसाठी मूळ प्रणालीला हात न लावता शेजारी वेगळे मॉड्यूल लिहावे लागते, आणि काहींसाठी मात्र मूळ कोडच बदलावा लागतो. खर्च आणि जोखीम या क्रमाने वाढत जातात, आणि शेवटच्या प्रकाराला मी जवळपास नेहमीच नकार देण्याचा सल्ला देतो. ईआरपीनेक्स्ट या तयार ईआरपीमध्ये पडद्यावरून जोडलेला रकाना किंवा छपाईचा नमुना डेटाबेसमध्ये स्वतंत्र साठवला जातो, म्हणून आवृत्ती बदलली तरी तो टिकतो. तेच काम मूळ फाइल उघडून केले असेल, तर पुढच्या आवृत्तीच्या वेळी ते पुसले जाते किंवा नव्या कोडशी त्याचा संघर्ष होतो. ओडू या दुसऱ्या ईआरपीची मोठी आवृत्ती दरवर्षी येते आणि कंपनी साधारणपणे शेवटच्या तीन आवृत्त्यांनाच आधार देते, त्यामुळे वेगळे लिहून घेतलेले प्रत्येक मॉड्यूल काही वर्षांनी पुन्हा तपासून पुढे न्यावे लागते. हा खर्च पहिल्या अंदाजपत्रकात सहसा दिसत नाही, म्हणून तो आजच विचारून घ्या.

तुमच्या यादीतील बारकोड लेबल हा छपाईच्या नमुन्याचा विषय आहे. त्यावर फार चर्चा नको, ते बनवून घ्या. किलो आणि नगांचा प्रश्न मात्र अधिक काळजीने पाहायला हवा. वस्तूच्या नोंदीत दोन एककांचे गुणोत्तर ठेवण्याची सोय बहुतेक सर्व प्रणालींत असते, परंतु ते गुणोत्तर स्थिर धरलेले असते. तुमच्याकडे पत्र्याच्या जाडीतील फरकाने दर लॉटला नगाचे वजन थोडे बदलते आणि प्लेटिंगनंतर ते वाढते, त्यामुळे किलोवरून नग काढले की साठा जुळणारच नाही. यासाठी कोड लिहून घेणे मला चुकीचे वाटते. साठ्याचे एकक नग हेच ठेवा, माल बाहेर जातानाच नग मोजणाऱ्या काट्यावर मोजून चलनावर नग लिहा, आणि किलो हा फक्त प्लेटिंगची मजुरी काढण्यापुरता वेगळा रकाना असू द्या. तुमचा महिनाअखेरचा घोळ बराचसा याच ठिकाणी निर्माण होत असावा, आणि सध्याची पद्धत जशीच्या तशी सॉफ्टवेअरमध्ये उतरवली तर तो घोळही तिच्याबरोबर उतरेल.

निर्णयापूर्वी विक्रेत्याला तुमच्या मागील महिन्यातील खरी चलने द्या. त्यात माल दोन हप्त्यांत परत आलेले, कमी आलेले आणि रिजेक्शन झालेले व्यवहार अवश्य असू द्यात, आणि ते तुमच्या स्टोअरकीपरच्या हातून, मूळ सुविधांवरच, नोंदवून पाहा. या तालमीनंतर यादीतल्या अनेक मागण्या आपोआप गळतात, आणि ज्या उरतात त्या खऱ्या असतात.

उत्तर : सनदी लेखापाल, गंगापूर रोड

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण माझी पहिली कसोटी वेगळी आहे : ज्या गोष्टीचा नियम सरकार ठरवते, ती कधीही स्वतः बनवून घेऊ नये. ई-इन्व्हॉइस (बिल सरकारी पोर्टलवर नोंदवणे) १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींहून अधिक उलाढालीच्या व्यवसायांना लागू झाले आणि टप्प्याटप्प्याने ती मर्यादा उतरत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. १ एप्रिल २०२५ पासून १० कोटी व त्याहून अधिक उलाढाल असणाऱ्यांना ३० दिवसांपेक्षा जुने बिल पोर्टलवर नोंदवता येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ रोजी वाहनांच्या सुट्या भागांवरील २८ टक्के कर १८ टक्क्यांवर आला, तेव्हा नवी बिले नव्या दराने आणि आधीच्या बिलांवरील क्रेडिट नोट जुन्याच दराने काढणे, ही दोन्ही कामे एकाच दिवसापासून चालवावी लागली. तयार प्रणालीचा निर्माता असा बदल हजारो ग्राहकांसाठी एकदाच करतो. तुमच्या एकट्यासाठी लिहिलेल्या प्रणालीत तो त्या विकासकाच्या सवडीने होतो, आणि दंडाची नोटीस मात्र तुमच्या नावावर येते.

जॉबवर्कचेही तसेच आहे. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि भांडवली माल तीन वर्षांत परत आला नाही, तर मुदतवाढ मिळालेली नसल्यास तो पाठवल्या दिवशीच पुरवठा झाला असे मानले जाते. तुमचा सातपूरला जाणारा माल आयटीसी-०४ या जीएसटीच्या विवरणपत्रात दाखवावा लागतो, म्हणून चलननिहाय शिल्लक आणि तिचे वय दाखवणारा अहवाल मूळ प्रणालीत आहे का, हे मी सर्वांत आधी पाहीन.

तुमची संस्था कंपनी असेल तर आणखी एक अट आहे. १ एप्रिल २०२३ किंवा त्यानंतर सुरू झालेल्या आर्थिक वर्षांसाठी कंपन्यांच्या लेखा सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक व्यवहारातील फेरबदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे आणि ती नोंद बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाला त्यावर अहवालात भाष्य करावे लागते. डेटाबेसमध्ये थेट हात घालून ‘दुरुस्ती’ करून देणारा विकासक सोयीचा वाटतो खरा, पण या नियमापुढे ती सोय टिकत नाही.

उत्तर : द्राक्ष निर्यात पॅकहाउस, पिंपळगाव बसवंत

बनवून घेण्याच्या बाजूनेही कोणीतरी बोलावे म्हणून लिहितो. आमच्याकडे प्रत्येक पेटी कोणत्या नोंदणीकृत बागेतली आहे हे सांगता आलेच पाहिजे, कारण युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या केंद्र सरकारच्या कृषी निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट प्रणालीत बागेची नोंदणी, कीडनाशकांच्या उर्वरित अंशाचा प्रयोगशाळा अहवाल आणि पॅकहाउस यांची साखळी जोडलेली असते. तयार प्रणालीतील लॉट क्रमांक गोदामातल्या मालासाठी ठीक असतो. पण एका बागेच्या क्रेटमधून तीन प्रतवाऱ्या निघतात, त्या वेगवेगळ्या पॅलेटवर जातात, आणि हे सर्व थंड खोलीत हातमोजे घालून उभी असलेली माणसे नोंदवत असतात. त्या पडद्यांवर हंगामाच्या गर्दीत काम होईना.

आम्ही वजनकाट्याला जोडलेले एक छोटे स्वतंत्र अॅप बनवून घेतले. बाग, क्रेट, प्रतवारी आणि पॅलेट एवढेच त्यात राहते. दिवसअखेरीचा एकत्रित साठा ते लेखा प्रणालीला तिच्या अधिकृत एपीआयमधून (दोन प्रणालींतील माहितीच्या देवाणघेवाणीच्या ठरलेल्या वाटेने) पाठवते, आणि बिल, कर, देणी यांना ते अजिबात स्पर्श करत नाही. माझ्या मते ज्या कामावर ग्राहक तुमच्याकडे टिकून राहतो, तिथे दुसऱ्याच्या साच्यात स्वतःला कोंबणे महागात पडते. तुमच्या यादीत भंगाराचा हिशेब त्या जातीचा वाटतो.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असल्यामुळे फेरबदलाच्या नोंदीचा मुद्दा आम्हाला थेट लागू होतो, आणि लेखा विभाग तयार प्रणालीवरच ठेवायचा हे आता निश्चित केले आहे. भंगार आणि प्रोत्साहन भत्ता या दोन गोष्टी अजून अधांतरी आहेत.

उत्तर : ईआरपी उभारणी सल्लागार, इंदिरानगर

भंगार मीही बनवून घेण्याच्या बाजूला टाकीन, पण मोजूनमापून. कॉइल क्रमांक हा बॅच म्हणून मूळ सुविधेतच ठेवा. आवक वजन, बनलेल्या नगांचे वजन, भंगाराचे वजन आणि उरलेला तुकडा यांचा ताळा दाखवणारा अहवाल आणि ग्राहकाला द्यायचे पत्रक एवढेच नवे लिहून घ्या. नोंदणीकृत जॉबवर्करला तिथेच निघालेले भंगार कर भरून स्वतःच्या जागेवरून थेट विकण्याची मुभा त्याच कलम १४३ मध्ये आहे, त्यामुळे भंगार ग्राहकाला परत द्यायचे की तुम्ही विकायचे हे करारात काय ठरले आहे ते आधी पाहा. अहवालाची रचना त्यावर अवलंबून राहील. प्रोत्साहन भत्ता तूर्त एक्सेलमध्येच राहू द्या. त्याचे दर कामगारांशी बोलणी झाली की बदलतात. पाळीनिहाय उत्पादनाचे आकडे ईआरपीतून नीट मिळू लागले की त्यातील निम्मी कटकट तशीही संपते.

विकासकाशी करार करताना कोडच्या मालकीचे कलम विसरू नका. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार बाहेरच्या व्यावसायिकाने लिहिलेल्या सॉफ्टवेअरचा हक्क, तसा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याकडे आपोआप येत नाही. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते, आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरली जाते. म्हणून मुदत स्पष्ट लिहा, मूळ कोड प्रत्येक टप्प्यावर आपल्या ताब्यात घ्या, आणि शेवटचा हप्ता त्या कोडवरून दुसऱ्या कोणीतरी प्रणाली उभी करून दाखवल्यावरच द्या.