वंशभेद आणि शेतमजुरी हे दोन विषय एकाच व्याख्यानात मांडावेत का?

तापीकाठचा वाचक (चोपडा तालुका)

नमस्कार. आमच्या गावच्या वाचनालयाचे एक छोटे अभ्यासमंडळ आहे. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला ‘सर्वांना सामावून घेणारी लोकशाही’ या विषयावर बोलण्याचे काम या वर्षी माझ्याकडे आले आहे. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या हक्कांच्या लढ्यापासून सुरुवात करावी आणि तेथून आपल्याकडील भिल्ल, पावरा, तडवी शेतमजुरांच्या मजुरीपर्यंत यावे, असा माझा बेत होता. मंडळाच्या बैठकीत त्यावर दोन आक्षेप आले. पहिला असा की, काळा-गोरा हा तिकडचा प्रश्न आहे, त्याचा खानदेशाशी काय संबंध? दुसरा आक्षेप अधिक विचार करून घेतलेला होता. मानाचा प्रश्न वेगळा आणि पोटाचा वेगळा. दोन्ही एकत्र मांडले की मजुरीवाढीला एरवी मान डोलावणारा माणूसही जातीचा उल्लेख येताच उठून जातो, आणि मग हाती दोन्हीही लागत नाही, असे एका ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे पडले. पहिल्या आक्षेपाला मी कसेबसे उत्तर दिले. दुसऱ्याला मला देता आले नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

नाना (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

पहिल्या आक्षेपाला कसेबसे उत्तर देण्याची गरज नव्हती, कारण त्याचे उत्तर आपल्या शेतात उभे आहे. १८६१ ते १८६५ या काळात गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडच्या मळ्यांत गुलामांनी वेचलेला कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि त्या गिरण्यांची नजर खानदेश-वऱ्हाडाकडे वळली. भाव चढले, लागवड वाढली, सावकारांनी सढळ हाताने कर्जे दिली; युद्ध संपताच भाव कोसळले आणि कर्ज तेवढे मागे राहिले. मिसिसिपीचा गुलाम आणि तापीकाठचा कुणबी यांना एकमेकांचे नावही ठाऊक नव्हते, पण दोघांचे नशीब एकाच तराजूत तोलले जात होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला, तो उगाच नव्हे. डॉ. आंबेडकरांनीही १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या कृष्णवर्णीय विचारवंतांशी पत्रव्यवहार केला होता. हा संबंध आपण आज जोडत आहोत असे नाही. तो दीडशे वर्षांचा आहे.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मात्र अमेरिकेच्याच इतिहासात शोधावे, असे मला वाटते. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शर्मन यांनी किनारपट्टीची काही जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकरांपर्यंत देण्याचा आदेश काढला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी तो फिरवला आणि जमीन जुन्या मालकांकडे परत गेली. पुढे १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार दिला, परंतु ज्याच्या पायाखाली स्वतःची जमीन नाही, जो मालकाच्या शेतात वाट्याने राबतो आणि मालकाच्याच दुकानातून उधारीवर धान्य आणतो, त्याला मतदानापासून रोखायला फारशी खटपट करावी लागत नाही. मतकर आणि साक्षरता-चाचण्या आल्या, आणि कागदावरचा अधिकार सुमारे पाऊण शतक बहुतांशी कागदावरच राहिला.

आणखी एक उदाहरण आपल्या ज्येष्ठ सभासदांपुढे अवश्य ठेवावे. १९३५ चा अमेरिकेतील सामाजिक सुरक्षा कायदा आणि १९३८ चा किमान वेतनाचा कायदा, या दोन्हींत रंगाचा किंवा वंशाचा अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. फक्त शेतमजूर त्यांतून वगळले होते, आणि घरकाम करणाऱ्यांनाही त्यांचे संरक्षण मिळाले नाही. दक्षिणेतील बहुसंख्य कृष्णवर्णीय कामगार नेमकी हीच दोन कामे करीत होते. मानाचा प्रश्न कोठे संपतो आणि पोटाचा कोठे सुरू होतो, हे या कायद्यांत कोणी रेघ ओढून दाखवावे. मला तरी ती रेघ सापडली नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ चे डॉ. आंबेडकरांचे घटना समितीतील भाषण आपण वाचणार असालच. राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीच्या जीवनात आपण २६ जानेवारी १९५० रोजी प्रवेश करीत आहोत, असा इशारा त्यांनी दिला होता. त्यांनी सामाजिक आणि आर्थिक हे दोन्ही शब्द एका दमात उच्चारले आहेत, याकडे श्रोत्यांचे लक्ष वेधावे. (शाळेत हे भाषण शिकवताना मी स्वतः कित्येक वर्षे ‘आर्थिक’वरून भरभर पुढे जात असे. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे.)

केळीवाला (रावेर)

नानांचा आदर ठेवून थोडे वेगळे लिहितो. माझी स्वतःची साडेतीन एकर जमीन आहे, दोन एकर दुसऱ्याची करतो. घरात सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी) ठेवण्याची ऐपत वडिलांच्या वेळी होती, आता नाही. हंगामात रोजंदारीचे मजूर लावतो. अशा व्याख्यानांत मजूर एका बाजूला आणि शेतकरी दुसऱ्या बाजूला उभा केला जातो, आणि ज्याचा माल व्यापारी ठरवील त्या भावाने जातो असा माझ्यासारखा माणूस आयताच जुलमी ठरतो. मजुरी वाढावी, हे मला मान्य आहे. ती कोणाच्या खिशातून वाढावी, हे वक्ते सांगत नाहीत. आर्थिक न्याय म्हणायचा असेल तर त्यात कापसाचा आणि केळीचा भावही यायला हवा. आणि जातीचे म्हणाल, तर गरीब तितुका एकच, असे माझे मत आहे.

सातपुड्याची पायवाट (शहादा)

केळीवाले दादा, खिशाचा प्रश्न आपण विचारलात, हे बरे केले. तो प्रश्न आमच्या तालुक्यात पन्नास वर्षांपूर्वीच विचारला गेला होता.

१९७० च्या आसपास शहादा-तळोदा भागात आदिवासींच्या जमिनी कर्जापायी इतरांच्या हाती गेल्या होत्या, आणि त्याच जमिनींवर तेच लोक सालदार म्हणून राबत होते. अंबरसिंग सुरतवंती हे भिल्ल समाजातील कार्यकर्ते. भजनी मंडळांतून त्यांनी लोक जोडले, पुढे पुण्या-मुंबईकडील तरुण त्यांना येऊन मिळाले आणि १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली. या चळवळीच्या मागण्या पाहाव्यात: गेलेली जमीन परत मिळावी, सालदाराचे साल, म्हणजे वर्षाची मजुरी, वाढावे, आणि बायामाणसांच्या अंगावर कोणी हात टाकू नये. स्त्रियांनी तर दारूची मडकी फोडण्यापर्यंत आणि नवऱ्याच्या मारहाणीचा जाब चारचौघांत विचारण्यापर्यंत चळवळ नेली. मान आधी की मजुरी आधी, असा वाद तेथे करण्याची गरज कोणाला पडली नाही, कारण मार आणि कमी मजुरी एकाच दारातून येत होती.

त्या काळातील अनेक लढ्यांच्या रेट्याने राज्याला कायदे करावे लागले. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला. आदिवासींची जमीन परवानगीशिवाय बिगर-आदिवासींकडे जाऊ नये, यासाठी जमीन महसूल संहितेत कलम ३६ अ आले. आणि दुष्काळी कामांच्या अनुभवातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला, जो २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. दादा, आपल्या प्रश्नाचे उत्तर या शेवटच्या कायद्यात आहे. ‘मागेल त्याला काम’ देण्यासाठी लागणारा पैसा मुख्यतः व्यवसाय करातून, म्हणजे शहरातल्या नोकरदार-व्यावसायिकांच्या उत्पन्नातून उभा केला गेला. मजुराला शेताबाहेर कामाचा पर्याय मिळाला की गावातील मजुरीला खालून आधार मिळतो, आणि त्याचा सगळा भार साडेतीन एकरवाल्यावर पडत नाही. आर्थिक न्याय म्हणजे मजुराने शेतकऱ्याच्या खिशात हात घालणे, हा समज कोणाच्या सोयीचा आहे, याचाही विचार व्हावा.

परंतु गरीब तितुका एकच, हे मला मान्य करता येत नाही. मी वनहक्काच्या दाव्यांचे काम करते. २००६ च्या कायद्याप्रमाणे १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेली जमीन, कमाल ४ हेक्टरपर्यंत, आदिवासी कुटुंबाच्या नावे होऊ शकते; नियमांनी गावातील वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून मान्य केला आहे. असे असताना एका कार्यालयात माझ्यासमोर एका आजोबांना सांगण्यात आले की, “तुमच्या लोकांच्या बोलण्यावर आम्ही जमीन लिहून द्यायची का?” गरीब शेतकऱ्यालाही कार्यालयात हेलपाटे घालावे लागतात, पण त्याच्या बोलण्याबद्दल असे विचारले जात नाही. त्या आजोबांची नेवाडाची (जंगलात मोकळी करून कसलेली) जमीन गेली असती, तर ती या वाक्यामुळे गेली असती. म्हणून ती आर्थिक हानी म्हणावी की अपमान? (दावा नाकारल्याचे लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर ६० दिवसांत वर दाद मागता येते. आम्ही ती मागितली. दावा अजून चालू आहे.)

अमेरिकेचे एकच उदाहरण देते. १९६८ च्या फेब्रुवारीत मेम्फिस शहरात कचरागाडीच्या यंत्रात चिरडून दोन कृष्णवर्णीय सफाई कामगार मेले आणि सुमारे १३०० कामगार संपावर गेले. मागण्या पगाराच्या, सुरक्षिततेच्या आणि संघटनेच्या मान्यतेच्या होत्या; गळ्यातील फलकांवर मात्र लिहिले होते, ‘मी माणूस आहे’. मार्टिन ल्यूथर किंग त्या संपाच्या पाठिंब्यासाठी तेथे गेले असतानाच ४ एप्रिलला त्यांची हत्या झाली. त्याआधी १९६३ चा जो वॉशिंग्टन मोर्चा आपण सर्व जण केवळ एका भाषणामुळे ओळखतो, त्याच्या नावातच स्वातंत्र्याआधी रोजगार होता, आणि ताशी २ डॉलर किमान वेतन ही त्याची एक मागणी होती.

आपल्याकडे १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे ही कलम २३ खालील वेठबिगारी ठरवली. किमान वेतन हा विषय त्यामुळे मूलभूत हक्कांत जाऊन बसला. हा निकाल व्याख्यानात यावा, असे सुचवते.

धडगावकर

थोडक्यात लिहितो. जे काही बोलाल, त्यातील निम्मे पावरीत बोलणारा माणूस सोबत घ्या. प्रमाण मराठीतील ‘सर्वसमावेशक’ हा शब्द ऐकून आमच्या पाड्यावरील माणूस शांतपणे विडी पेटवतो.

केळीवाला (रावेर)

ताई, व्यवसाय कराचा मुद्दा मला माहीत नव्हता. कार्यालयातील वाक्याबद्दल वाद घालत नाही. तसे मीही ऐकले आहे, आणि ऐकून गप्प बसलो आहे. व्याख्यानात मजुरीचा तक्ता लावणार असाल, तर शेजारी कापसाच्या भावाचाही लावावा, एवढीच विनंती.

तापीकाठचा वाचक (चोपडा तालुका)

सर्वांचे आभार. दोन्ही तक्ते लावतो. पावरी बोलणारे एक शिक्षक आमच्याकडे आहेत, त्यांना विचारतो. कार्यक्रम सकाळी ११ वाजता वाचनालयात आहे.

नाना (निवृत्त शिक्षक, अमळनेर)

वेळ वाचून थांबलो. नोव्हेंबरच्या अखेरीस सकाळी ११ वाजता कापसाची वेचणी सोडून कोण येणार? आणि जे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला गेले, ते तर दिवाळीनंतरच गाव सोडून गेलेले असतील. म्हणजे ज्यांच्याविषयी बोलायचे, त्यांतील एकही जण समोर नसेल, आणि आपण वाचनालयाचे सभासद एकमेकांना लोकशाही समजावून सांगू.

सातपुड्याची पायवाट (शहादा)

नानांचे बरोबर आहे. २६ तारखेचा कार्यक्रम करावा, पण तो तयारीचा समजावा. खरी मांडणी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास, रात्री, पाड्यावर ठेवावी. तोवर तोडीवरची माणसे परतू लागलेली असतात, सालदाराचे नवे साल त्याच दिवसांत ठरते, आणि लगोलग १ मेची ग्रामसभा येते. मांडणीतून एखादा ठराव निघालाच, तर तो त्या ग्रामसभेत मांडता येईल. आपल्या चोपडा तालुक्यातील काही गावे पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात, आहेत. आपला पाडा त्यात येतो का, हे आधी पाहून घ्यावे.

तापीकाठचा वाचक (चोपडा तालुका)

पाहतो. नोव्हेंबरची वेळही रात्री आठची करून घेतो. आखाजीच्या कार्यक्रमासाठी केळीवाले भाऊंना आताच निमंत्रण देतो. भावाचा तक्ता त्यांनीच करून आणावा.